अठ्ठावन्न मिलिमीटर पाऊस आणि वाहून गेलेली मोरी

प्रकरण एका मोरीचं आहे. वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागात टेकड्या संपून कापसा-तुरीची काळी जमीन सुरू होते, त्या पट्ट्यात गावाकडे जाणारा डांबरी रस्ता एक नाला ओलांडतो. नाला पुढे धाम नदीला मिळतो. मोरीत १२०० मिलिमीटर व्यासाच्या ह्यूम पाइपांच्या, म्हणजे काँक्रीटच्या नळांच्या, तीन रांगा, वर मुरमाचा भराव, दोन्ही तोंडांना भराव धरून ठेवणारी दगडी भिंत, म्हणजे हेडवॉल. तीन पावसाळ्यांत ही मोरी दोनदा गेली. पाइप जागेवरच राहिले. भराव आणि एक हेडवॉल गेला. दुसऱ्या खेपेला तुंबलेलं पाणी रस्त्यावरून उसळून खालच्या शेतांत शिरलं आणि उभ्या सोयाबीनसकट जमीन खरडून गेली.

पहिल्या वेळी दुरुस्तीच्या प्रस्तावात कारण म्हणून 'अतिवृष्टी' असं लिहिलं गेलं आणि कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी सरपंचताईंनी महसूल मंडळाची पावसाची नोंद काढून आणली. आकडा होता ५८ मिलिमीटर. मदतीसाठी जो निकष पाहिला जातो तो मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरचा. म्हणजे कागदावर अतिवृष्टी झालीच नव्हती, आणि मोरी तर गेली होती.

यावर बांधकामवाल्यांचं म्हणणं, एवढ्या पावसाने मोरी जात नसते, पाइपांत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, अडकल्या असणार, नाला साफ ठेवणं ग्रामपंचायतीचं काम. गावाचं म्हणणं, पाइप मोकळे होते. ज्यांची जमीन गेली त्यांतले एक काका मला म्हणाले, "पानी दीड घंटाच होता साहेब, पन असा होता का धुऱ्यावरचा बैल दिसत नव्हता." ग्रामपंचायतीने मला एवढंच सांगितलं होतं की आकडे तपासून द्या. वर्ध्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आणि त्यांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी सोबत आले, म्हणून काम मोरीपुरतं न राहता तालुक्यापर्यंत वाढलं.

मंगळवार की बुधवार

पहिली गाठ तारखेची होती. शेतकऱ्यांच्या अर्जांवर मंगळवारची तारीख होती आणि मंडळाच्या वहीत मंगळवारी ४ मिलिमीटर पाऊस. एका अर्जावर शेराही पडला होता, 'सदर दिनांकास पर्जन्यमान नगण्य, दाव्यात तथ्य दिसून येत नाही.' ५८ चा आकडा वहीत बुधवारच्या रकान्यात होता.

यात कुणी खोटं बोललेलं नाही. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा चालतो, आणि मोजलेला पाऊस मोजणीच्या तारखेवर टाकला जातो. मंगळवारी संध्याकाळी पाचला पडलेलं पाणी बुधवारी सकाळी मोजलं गेलं, म्हणून ते बुधवारचं झालं. ज्याने आयुष्यभर पावसाची वही भरली त्याला हे सांगावं लागत नाही. पण वही एका टेबलावर भरली जाते आणि अर्ज दुसऱ्या टेबलावर तपासला जातो, तिथे हा एक दिवस हरवतो.

साडेआठच्या या रेषेचा त्रास अभियंत्यालाही आहे. रात्रभर चाललेली झड सकाळी दहापर्यंत टिकली तर एकच पाऊस दोन दिवसांत वाटला जातो आणि दोन्ही दिवस साधारण दिसतात. म्हणून रोजच्या ठरावीक वेळेच्या नोंदींतून कोणत्याही सलग २४ तासांतला कमाल पाऊस काढायचा असेल तर तो सरासरीने १.१३ पटीने वाढवून घेण्याची पद्धत जगभर रूढ आहे. आपल्याकडच्या अंदाजपत्रकांत हा गुणक मी क्वचितच पाहिला आहे.

अठ्ठावन्न कसे पडले

महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली, त्याचा इथे उपयोग झाला. या मंडळाचं केंद्र गावापासून अकरा किलोमीटरवर आहे. रोजची बेरीज सगळ्यांना माहीत असते, पण केंद्राच्या पोटात मिनिटांच्या हिशेबाच्या नोंदी असतात, त्या मागाव्या लागतात. त्या मिळाल्यावर चित्र पालटलं. ५८ पैकी ४७ मिलिमीटर अवघ्या ४५ मिनिटांत पडले होते. उरलेले ११ रात्रभर भुरभुरत होते.

आता हिशेब साधा आहे, सूत्राशिवायही होतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. मोरीच्या वर नाल्याचं पाणलोट २४० हेक्टर. ४७ मिलिमीटर म्हणजे १,१२,८०० घनमीटर. ऑगस्टातली भिजलेली काळी जमीन यातलं निम्मं तरी वाहून देते, ५६,४०० धरू. ते ४५ मिनिटांत, म्हणजे २,७०० सेकंदांत वाहून जायचं तर सेकंदाला सुमारे २१ घनमीटर. आणि १२०० मिलिमीटरच्या तीन पाइपांतून, पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने धावतंय असं उदारपणे धरलं तरी, जातात सव्वादहाच्या आत.

पाइपांत पऱ्हाट्या होत्या की नव्हत्या हा वाद इथे संपला. पाइप आरशासारखे स्वच्छ असते तरी निम्मं पाणी रस्त्यावरून गेलं असतं.

अर्थात केंद्र अकरा किलोमीटरवर, आणि पाऊस नाल्यावर पडला. संध्याकाळचा वळवासारखा पाऊस एका शिवारात पडतो आणि पलीकडचं शिवार कोरडं राहतं, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडले, कुलाब्याला शंभरही नाही. म्हणून आम्ही नाल्याकडेही पुरावा मागितला. खालच्या अंगाला एका विहिरीच्या पंपघराच्या भिंतीवर गाळाची रेघ होती, थोडं वर एका बाभळीच्या बुंध्याला काडीकचरा गुंडाळलेला होता. दोन खुणांच्या पातळीतला फरक, नाल्याचा छेद आणि तळाचा खडबडीतपणा यांवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, काढला तर तो सेकंदाला २० ते २५ घनमीटरच्या दरम्यान आला. खुणांवरून काढलेल्या आकड्याला एवढी ढिलाई असतेच. पण दोन वेगळ्या वाटांनी आपण एकाच गावाला पोचलो, हे पुरेसं होतं.

पन्नास कुठून आला

मोरीचं मूळ अंदाजपत्रक मिळालं. पद्धत बरोबर होती, लहान नाल्यांना वापरतात तीच: पाणलोटाचं क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण यांचा गुणाकार. क्षेत्र बरोबर होतं. तीव्रता घेतली होती तासाला ५० मिलिमीटर. वाहून जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण ०.३, म्हणजे लागवडीखालची पोयट्याची जमीन. गुणाकार आला सेकंदाला १०.१ घनमीटर, आणि त्यात तीन पाइप चपखल बसले.

०.३ चं उत्तर शेतात उभं राहिलं की मिळतं. ही पोयट्याची जमीन नाही. जूनच्या सुरुवातीला काळी माती भेगाळलेली असते, पहिला पाऊस भेगांतून थेट खाली उतरतो आणि नाला कोरडाच राहतो. महिना-दीड महिन्यात माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन पाणी आत घ्यायचं नाव घेत नाही. मोरी जूनसाठी बांधायची नसते. भारी चिकणमातीसाठी भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते-पुलांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या लहान पुलांच्या मार्गदर्शिकेतले गुणांक ०.५ ते ०.६ च्या घरात आहेत.

पन्नासचं उत्तर मात्र कुणालाच देता आलं नाही. आधीच्या अंदाजपत्रकात होता म्हणून यात आला, त्याच्या आधीच्या अंदाजपत्रकातही तोच होता. तालुक्यातल्या इतर मोऱ्यांची कागदपत्रं चाळली तर बहुतेक ठिकाणी तोच आकडा, नाला टेकडीतला असो की सपाटीवरचा, दहा मिनिटांत भरणारा असो की दोन तासांत. तीव्रतेला कालावधी लागतो. 'तासाला ५०' हे कुठल्या कालावधीचं आणि किती वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचं, हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. आमच्या नाल्याची लांबी २.९ किलोमीटर, वरपासून मोरीपर्यंत उतार ५८ मीटरचा. सर्वांत लांबच्या धुऱ्यावरचं पाणी मोरीपाशी पोचायला नेहमीच्या सूत्राने सुमारे ४१ मिनिटं लागतात. म्हणजे या मोरीला ४१ मिनिटांतला कमाल पाऊस हवा. दिवसाचा पाऊस तिच्या कामाचा नाही.

चाळीस मिनिटांचा पाऊस कुठे लिहिलेला असतो

इथे प्रकरण गावाबाहेर जातं. देशात रोजचा पाऊस मोजणारी ठिकाणं हजारो आहेत आणि काही नोंदी शंभर वर्षांच्या वरच्या आहेत. पण मिनिटांच्या हिशेबाने पाऊस नोंदणारी, आणि त्याही दीर्घकाळ, ठिकाणं त्या मानाने फारच थोडी. पुण्यात हवामान विभागाचं राष्ट्रीय माहिती केंद्र आहे, तिथे हे सगळं जमा होतं. जमा झालेल्या नोंदींतून अभियंत्याच्या टेबलावर येण्याजोगा तक्ता मात्र फार कमी वेळा तयार झाला.

असा एक जुना आणि अजून वापरात असलेला प्रयत्न डेहराडूनच्या मृद व जलसंधारण संशोधन संस्थेचा, १९७९ चा. देशभरातल्या ४२ केंद्रांसाठी तीव्रता, कालावधी आणि पुनरावृत्ती काळ यांचं समीकरण त्यात दिलं आहे. पुनरावृत्ती काळ म्हणजे तसा पाऊस सरासरीने किती वर्षांतून एकदा येतो ते. या ४२ पैकी विदर्भातलं केंद्र एकच, नागपूर. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत अकरा जिल्हे, पश्चिमेला खारपाणपट्टा आणि पूर्वेला घनदाट जंगल, आणि मिनिटांच्या पावसासाठी आधार एकाच शहराचा.

तरीही तो आधार चांगला आहे. नागपूरच्या समीकरणात ४५ मिनिटं घातली तर दोन वर्षांतून एकदा येणारा पाऊस निघतो तासाला ६२ मिलिमीटर. आमच्या मंडळ केंद्रावर त्या संध्याकाळी ४५ मिनिटांत पडले ४७, म्हणजे तासाला ६३. गावाने आयुष्यात पाहिला नव्हता असं जो तो सांगत होता, तो पाऊस हिशेबाने दोन वर्षांतून एकदा येणारा निघाला. दरवर्षी येण्याची शक्यता निम्मी असलेला पाऊस तीन पावसाळ्यांत निदान दोनदा येण्याची शक्यताही बरोबर निम्मी असते. मोरी तीन वर्षांत दोनदा गेली यात नवल ते काय. मूळ अंदाजपत्रकातला ५० हा ४१ मिनिटांच्या कालावधीला दोन वर्षांच्या पावसापेक्षाही खाली पडतो. त्या कालावधीचा दोन वर्षांचा आकडा जवळपास ६५ आहे.

दुसरा राष्ट्रीय आधार केंद्रीय जल आयोगाच्या पूर-अंदाज अहवालांचा. डॉ. ए. एन. खोसला यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिफारस केली, त्यातून देशाचे २६ जलहवामान उपविभाग पडले आणि जल आयोग, रेल्वेची आरडीएसओ ही संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था, हवामान विभाग आणि रस्ते मंत्रालय यांनी मिळून एकेकाचा अहवाल काढला. वर्धा-वैनगंगेचं खोरं लोअर गोदावरी, म्हणजे ३ एफ मध्ये. पूर्णा-तापीकडचा पश्चिम विदर्भ ३ बी मध्ये. या अहवालांत २५, ५० आणि १०० वर्षांच्या २४ तासांच्या पावसाचे नकाशे आहेत आणि त्यावरून कमी तासांचा पाऊस काढायची गुणोत्तरं आहेत. मध्यम आकाराच्या नदीवरच्या पुलाला हे उत्तम. पंचवीस चौरस किलोमीटरच्या आतल्या पाणलोटांसाठी आरडीएसओची आरबीएफ-१६ ही वेगळी पद्धत आहे, तिचीही सुरुवात २४ तासांच्या पावसापासूनच होते.

आणि चोवीस तासांवरून चाळीस मिनिटांवर उडी मारायची म्हणजे काय होतं ते एकदा करून पाहावं. समजा २४ तासांत १८० मिलिमीटर. हवामान विभागाच्या एक-तृतीयांश घाताच्या नियमाने ४१ मिनिटांची तीव्रता येते तासाला ८१. रस्ते काँग्रेसच्या सूत्राने तोच १८० देतो तासाला ११२. निम्मं पाणी वाहून जातंय असं धरलं तर आमच्या मोरीला पहिल्या आकड्याने सेकंदाला २७ घनमीटर, दुसऱ्याने ३७. सुरुवात एकच, दोन्ही सूत्रं मान्यताप्राप्त, आणि मधला फरक जुन्या मोरीच्या सगळ्या क्षमतेएवढा.

याचं मूळ कारण सूत्रांत नाही, पावसात आहे. विदर्भात दिवसभराचा मोठा पाऊस आणतात ते बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा-छत्तीसगडवरून इकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे. ते येतात तेव्हा झड लागते. दीड-दोन दिवस सूर्य दिसत नाही, नद्या भरतात, धरणांचे दरवाजे उघडतात. अर्ध्या-पाऊण तासाचा मोठा पाऊस बहुतेकदा वेगळ्या कुळातला: जूनमधले आणि सप्टेंबरमधले गडगडाटी ढग, किंवा झडीच्या मध्येच फुटलेला एखादा. वर्षातला सर्वांत ओला दिवस आणि वर्षातला सर्वांत जोराचा पाऊण तास हे पुष्कळदा वेगवेगळ्या तारखांचे असतात. मग एकावरून दुसरा गुणोत्तराने कसा काढणार? मोठ्या नदीला झड मारते, लहान नाल्याला गडगडाट. १९९१ च्या जुलैत वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड उद्ध्वस्त झालं ती मोठ्या नदीची गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली, ती गोष्ट दुसऱ्या कुळातली.

हल्ली विद्यार्थ्यांचा कल आणखी एका साधनाकडे असतो. हवामान विभागाची १९०१ पासूनची पाव अंशाच्या जाळीवरची रोजची पर्जन्यमाहिती संगणकावर फुकट उतरवता येते. हवामानाच्या अभ्यासाला ती अमूल्य आहे. पण पाव अंश म्हणजे सुमारे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा चौकोन, आणि त्यातला आकडा आसपासच्या केंद्रांवरून गुळगुळीत करून काढलेला. त्यावरून अडीच चौरस किलोमीटरच्या नाल्याची तीव्रता काढणाऱ्यांचे प्रबंध मी पाहिले आहेत. आलेख देखणे असतात.

कपाटातले आलेख

नागपूरचं समीकरण आमच्या टेकड्यांना चालेल का, हे पाहायला जवळची नोंद हवी होती. तालुक्याजवळच्या एका धरणावर जुना सायफनचा स्वयंनोंदी पर्जन्यमापक होता. त्याचे आलेख-कागद वर्षवार गठ्ठे बांधून एका लोखंडी कपाटात पडले होते. कपाटाच्या तळाशी वाळवी, वरच्या कप्प्यांत सुस्थिती.

हे यंत्र ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. घड्याळावर चोवीस तासांत एक फेरा घेणाऱ्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असतो. पाऊस पडला की आतला तरंगता डबा वर येतो आणि त्याला जोडलेलं पेन कागदावर चढत जातं. दहा मिलिमीटर भरले की सायफन सुटून डबा रिकामा होतो आणि पेन सरळ खाली येतं. चढ जितका उभा तितका पाऊस जोराचा. आडवी रेघ म्हणजे उघडीप. एका कागदावर संध्याकाळी सहा ते सातच्या रकान्यात पेन सहा वेळा माथ्याला जाऊन खाली कोसळलेलं होतं, रेघा इतक्या उभ्या की एकमेकींना चिकटलेल्या. त्या तारखेची रोजची नोंद पाहिली: ७१. शेजारच्या पानावर ७४ मिलिमीटरचा दिवस होता, त्याची रेघ एखाद्या घाटरस्त्यासारखी संथ चढत गेलेली. रोजच्या वहीत हे दोन दिवस सख्खे भाऊ.

कागद वाचण्यात खरी मेहनत गाळण्याची होती. काही दिवशी घड्याळ थांबलेलं, पेन एकाच जागी वरखाली झालेलं. काही ठिकाणी कागद बदलायचा राहून गेला आणि दोन दिवसांच्या रेघा एकमेकींवर चढल्या. सायफन गळका झाला की पेन दहाला पोचण्याआधीच घसरतं. साडेआठला बदलायचा कागद सव्वानऊला बदलला असेल तर पाऊण तास हवेत जातो. विद्यार्थ्यांना पाच मिनिटांपर्यंत वाचायचं होतं. पण कागदावर एक तास जेमतेम बोटभर रुंदीत बसतो, तिथे पाच मिनिटं वाचणं म्हणजे शाईच्या रेघेची जाडी मोजणं. आम्ही पंधरा मिनिटांवर थांबलो. प्रत्येक दिवसाची आलेखावरची बेरीज शेजारच्या साध्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहिली. थोडा फरक असेल तर त्याच प्रमाणात तीव्रता सुधारली, मोठा असेल तर दिवस बाद.

बाद करण्याचा एक नियम मात्र मी कडक ठेवला. वर्षातला कमाल पाऊस शोधायचा असेल तर पावसाळ्याचे चारही महिने नीट नोंदलेले हवेत. जुलैचे तीन आठवडे घड्याळ बंद होतं आणि उरलेल्या दिवसांतला कमाल पाऊस 'वर्षाचा कमाल' म्हणून लिहिला, तर ती संख्या वाकडी नाही, चुकीची आहे. हा नियम लावल्यावर गठ्ठ्यांतली निम्म्याहून अधिक वर्षं गेली आणि अकरा उरली.

तालुक्याच्या रोजच्या वहीत दुखणं वेगळं. तिथे शून्य, आडवी रेघ, 'नि.' आणि रिकामी जागा, हे चारही एकाच महिन्यात सापडतात. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. रिकामी जागा म्हणजे मोजलंच नाही. संगणकात भरताना कुणीतरी सगळ्या रिकाम्या जागा शून्य केल्या की पुढच्या सगळ्या सरासऱ्या खाली येतात, आणि नंतर ते कळायला मार्ग राहत नाही. सुट्टीचाही घोळ असतो. पोळ्याला पाऊस मोजायचा राहतो आणि तान्ह्या पोळ्याच्या तारखेवर दोन दिवसांचा मिळून एक भला मोठा आकडा येतो. आम्ही मूळ वहीची पानं फोटो काढून जोडली आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण लिहिलं. कारणांचा हा रकाना पुढे कुणी वाचेल का, असं एका विद्यार्थ्याने विचारलं. वाचणारा येईल तेव्हा त्याला दुसरं काहीच नको असेल.

नवी स्वयंचलित केंद्रंही निर्दोष नाहीत. त्यांतल्या छोट्या कलत्या पात्राला प्रत्येक कलण्यात क्षणभर लागतो, फार जोराच्या पावसात त्या क्षणांतलं पाणी मोजणीबाहेर जातं आणि नेमकी कमाल तीव्रताच कमी दिसते. गाळणीत पालापाचोळा किंवा कोळ्याचं जाळं बसलं की दोन तासांचा पाऊस सहा तासांत झिरपल्यासारखा नोंदला जातो; बेरीज बरोबर, तीव्रता गायब. अडथळा जितका उंच त्याच्या दुपटीहून दूर पर्जन्यमापक हवा, हा नियम बसवताना पाळला जातो. कडुलिंब मात्र नंतर वाढतो.

अकरा वर्षांच्या कमाल पावसाला गंबेलची रेषा लावली, म्हणजे दरवर्षीच्या कमाल आकड्यांवरून पुनरावृत्ती काळ काढायची संख्याशास्त्रातली पद्धत. अकरा वर्षांवरून पंचवीस वर्षांचा पाऊस सांगणं म्हणजे रेषा हातभर पुढे ओढणं आहे, म्हणून ते आम्ही केलं नाही. दोन आणि पाच वर्षांचे आकडे तेवढे काढून नागपूरच्या समीकरणाशी ताडले. एक तासाच्या आतल्या कालावधीत दोन्ही जवळ बसले. म्हणून लहान नाल्यांसाठी नागपूरचं समीकरण धरायचं, आणि तीन तासांच्या पुढच्या कामाला जल आयोगाचा अहवाल, असं तालुक्यापुरतं ठरवलं.

नवी मोरी

पंचवीस वर्षांच्या पावसाला नागपूरच्या समीकरणाने ४१ मिनिटांची तीव्रता येते तासाला ९६ मिलिमीटर आणि विसर्ग सेकंदाला ३२ घनमीटर. जुन्या अंदाजाच्या तिपटीहून थोडा जास्त. त्याला तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच असे दोन गाळे असलेली बॉक्स मोरी लागते.

उपविभागाचे अभियंते म्हणाले, गावरस्त्याला एवढं कशाला, सरळ रपटा करू, तासभर पाणी वरून जाईल, उतरेल. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. नाल्याचा पूर दीड-दोन तासांत ओसरतो. पण या रस्त्याने एसटी जाते, आणि शाळा सुटायची वेळ तीच गडगडाटाची वेळ. वाहत्या पाण्यातून पोरं रपटा ओलांडतात तेव्हा काय होतं हे विदर्भात दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतं. शेवटी बॉक्स मोरी ठरली.

मी एक अट घातली. पंचवीस वर्षांचा पाऊस म्हणजे पंचवीस वर्षं निश्चिंती नव्हे. तेवढ्या काळात तो निदान एकदा ओलांडला जाण्याची शक्यता ६४ टक्के आहे. मोरीला पाणी पुरलं नाही तर ते कुठून जावं हे आपण आधी ठरवावं, नाहीतर ते नेहमीप्रमाणे भराव पोखरेल. म्हणून पोचमार्गात मोरीपासून थोडं दूर रस्ता मुद्दाम सखल ठेवला, तिथे काँक्रीटचा पृष्ठभाग आणि खालच्या अंगाला दगडी पिचिंग केलं. जास्तीचं पाणी तिथून उतरेल आणि नाल्यात परत जाईल, शेतात नाही. हा सखल भाग कागदावर सर्वांत स्वस्त होता आणि पटवायला सर्वांत अवघड गेला. नवा रस्ता खोलगट का, असं येणारा-जाणारा अजून विचारतो.

तालुक्यासाठी आम्ही एक तक्ता करून दिला: १५ मिनिटांपासून तीन तासांपर्यंतचे कालावधी, २, ५, १०, २५ आणि ५० वर्षांचे पुनरावृत्ती काळ, प्रत्येक आकड्यामागे स्रोत. अंदाजपत्रकाच्या नमुन्यात ५० च्या जागी आता 'तक्ता पाहा' असं आहे. तक्ता पाहायचा तर आधी नाल्याची लांबी आणि उतार मोजावा लागतो. ते होईलच असं नाही. जुना नमुना अजून कित्येकांच्या पेनड्राइव्हमध्ये आहे.

शेतकऱ्यांचं काम अर्धवट राहिलं. तारखेचा उलगडा जोडून अर्ज पुन्हा दिले तेव्हा 'तथ्य दिसून येत नाही' हा शेरा मागे घेतला गेला, आणि नाल्याचा पूर शेतात शिरला म्हणून काठावरच्या शेतांचे पंचनामे झाले. पण ज्यांची जमीन पुराने नाही, वरून पडणाऱ्या पावसानेच उतारावर खरडली, त्यांना मंडळाचा २४ तासांचा आकडा लागतो आणि तो ५८ आहे. पाऊण तासात ४७ पडल्याचा कागद त्यांच्या अर्जाला जोडलेला आहे, पण निकषात पाऊण तासाला जागा नाही. बैल दिसत नव्हता म्हणणाऱ्या काकांची जमीन उतारावरची आहे. त्यांचा अर्ज प्रलंबित आहे.